नागपुरात गप्प राहिलो ते दोन दिवस

नागपूरहून आल्यापासून गल्लीतली मंडळी विचारतात, काय बघितलं, संत्री आणली का, थंडी किती होती. मी थोडंफार सांगतो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या सांगतो, तर्री-पोहे सांगतो, नरखेडच्या बागेत खाल्लेले रोडगे सांगतो. ऐकणारे म्हणतात, तुम्ही रंगवून सांगता, लिहून काढा. म्हणून लिहायला बसलो. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मी या मंडळींना आतापर्यंत फक्त खाण्याचंच सांगत आलोय.

माझी कराडला व्यायामशाळा आहे. तिच्या कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं. त्यात पावडरींचे डबे वरच्या कप्प्यात, उघड. खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्राखाली, काही गोळ्या असत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत हे मला ठाऊक होतं. मुलं ‘टेस्टो’ म्हणून मागायची, मी द्यायचो.

थोरली बहीण, अक्का, नागपूरला दिलेली. तिचे मालक म्हणजे आमचे दाजी, मूळ नरखेड तालुक्यातले. तरुणपणी त्यांची बदली कोयनेच्या वीजघरात झाली होती. दर रविवारी ते कराडच्या विहारात वंदनेला यायचे, तिथं वडिलांची ओळख झाली आणि सोयरीक जमली. पुढं दाजींची बदली नागपूरजवळ कोराडीच्या वीजकेंद्रात झाली, अक्का तिकडं गेली ती तिकडचीच झाली. दाजींनी जन्म कोळशाच्या पट्ट्यावर काढला आणि तिथूनच निवृत्त झाले.

त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तो थोडा हाडातही गेला होता, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं, इतकं आम्हाला फोनवर कळलं होतं. इंजेक्शन कसलं, ते मी विचारलं नाही.

मे महिन्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला ते दोघं कराडला आले. दाजी ओळखू येत नव्हते. चेहरा गुळगुळीत, छाती-पोटाला मऊ सूज आल्यासारखी, आणि मधूनच अंगातून वाफ निघाल्यासारखे घामाघूम व्हायचे. पंगतीत त्यांनी सदऱ्याची बटणं काढली आणि पत्रावळीनं वारा घेऊ लागले. मी वाढत होतो. म्हणालो, “दाजी, तुम्हाला बायकांच्या पंगतीत बसवू का? तिकडं कूलर हाय.” सगळी पंगत हसली. दाजीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच व्यायामशाळेत आले. मुलं जाईपर्यंत बाकावर बसून राहिले आणि मग म्हणाले, “संजू, तुह्याजवळ ताकतीचं काही हाय का गा?”

मी खालच्या कप्प्यातून गोळ्या काढल्या. पट्टीवरचं नाव कोणी वाचू नये म्हणून एकेक गोळी बाहेर काढून प्लास्टिकच्या डबीत भरली. तुपाच्या घासाबरोबर घ्या, म्हणजे अंगी लागतील, एवढं सांगितलं. पुढं आणखी दोन डब्या कुरिअरनं धाडल्या. त्या गोळ्यांत काय असतं हे मला माहीत होतं. दाजींच्या अंगात गेल्यावर ते काय करील हे माहीत नव्हतं, आणि कोणाला विचारावं असंही मला वाटलं नाही.

कोराडी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. दाजींची पाठ धरलीय, रक्तातला आजाराचा आकडा वाढलाय, मुलगी बंगळुरूला आणि तिला आठवा महिना. “माझ्याच्यानं एकटीनं होत नाही संजू, ये.” मी निघालो.

पुरा एक दिवस गाडीत गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नागपूरच्या फलाटावर पाय ठेवला तो थंडीनं स्वागत केलं. कराडची थंडी कृष्णेवरून येते, ओलसर असते, उन्हं आली की जाते. नागपूरची थंडी कोरडी. दुपारीही सावलीत उभं राहिलं की ओठ तडकतात. अक्का शाल घेऊन उभी होती. बसमध्ये बसेपर्यंत तिनं शेजारणीला फोनवर सांगितलं, “अवं, मी भावाले आणाले आली ना वं, येऊनच राहिलो आम्ही.” मला हसू आलं. कराडची पोर, आणि बोलणं बघा.

कोराडीकडं जाताना कोळशाचे ट्रक लागतात. लांबून चिमण्या दिसतात, त्यांच्या तोंडून निघणारा धूर आभाळात सरळ उभा. अक्काच्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या पानांवर राखाडी थर होता. “रोज धुते,” अक्का म्हणाली, “रोज राख बसते.”

दाजी दारातच उभे होते. मी वाकायच्या आत त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला. खुंट लागले.

“पाय गा. एक दिवसाआड दाढी करा लागते आता मले.”

चेहऱ्यावर तेज होतं. आवाजात जोर होता. मात्र आत जाताना एक हात भिंतीवर ठेवून चालले, आणि खुर्चीत बसताना दोन्ही तळवे टेकून, दात आवळून बसले.

“पाठ लईच धरली काय?”

“वात हाय. थंडीचा. बाकी तुह्या गोळ्यायनं काम केलं बाप्पा. घाम नाही, वाफा नाही. जिना चढून जातो.” मग स्वयंपाकघराकडं बघून हळू आवाजात, “आणल्या का? संपून राहिल्या.”

आणल्या होत्या. पिशवीतून नवी डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाटातल्या टोपीखाली सरकवली. अक्काला हे ठाऊक नव्हतं. असल्या गोळ्या बायकोला दाखवायच्या नसतात, असं त्यांचं म्हणणं, आणि माझंही तेच. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अभिमान वाटला. डॉक्टरांना जमलं नाही ते मेहुण्यानं केलं, असं.

जेवायला अक्कानं पाटवडी रस्सा केला होता. बेसनाच्या घट्ट वड्या आणि वर तरंगणारी लाल तर्री. आमच्याकडं तांबडा रस्सा पितात, तो आधी जिभेला लागतो. हा आधी गोड लागतो आणि नाकातून पाणी मग काढतो. मी दोनदा पाणी मागितलं आणि दाजी खुशीत हसले, “कोल्लापूरकडचे म्हणवता न् रडता काहून?” कराड सातारा जिल्ह्यात येतं, हे मी त्यांना तीस वर्षं सांगतोय.

रामदासपेठ

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायचं होतं. रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्या इतक्या की दुकानांच्या पाट्या शोधाव्या लागतात. वेळ होता म्हणून कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते. इथं पोहे वाटीभर तर्रीत बुडतात. मी बशी उचलायला गेलो आणि तर्री दाजींच्या फाइलवर सांडली. अक्कानं पदरानं पुसली, डाग राहिलाच.

डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असाव्यात. फाइल हातात घेऊन हसल्या, “काका, रिपोर्टलाही नाश्ता दिलात?” दाजी लाजले. मग मॅडमनी पान उलटलं, पुन्हा मागचं काढलं, दोन्ही शेजारी ठेवली, आणि हसणं गेलं.

“काका, वाफा येतात अजून? घाम?”

“नाही जी. चार-पाच महिने झाले. मस्त वाटते.”

दाजींना वाटलं मॅडम खूश होतील. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली.

“मी पुन्हा एकदा समजावून सांगते. पुरुषाच्या अंगात एक हार्मोन असतं, टेस्टोस्टेरॉन. दाढी-मिशी, अंगातला जोर, सगळं त्यामुळं. हा जो आजार आहे, त्याच्या पेशी त्याच हार्मोनवर वाढतात. प्रोस्टेटमधल्याही आणि हाडात जाऊन बसलेल्याही. म्हणून तीन महिन्यांचं इंजेक्शन देतो. त्यानं अंगात ते हार्मोन बनणंच थांबतं. पेशी उपाशी पडतात, आजार निजून राहतो. तुम्हाला वाफा यायच्या, दाढी गेली होती, थकवा होता. त्रास होता, मान्य. पण औषध लागू पडतंय, याची ती खूण होती.”

टेस्टोस्टेरॉन. दाजींना तो शब्द म्हणजे इंग्रजीतलं काहीतरी. अक्कालाही. त्या खोलीत डॉक्टरांखेरीज तो शब्द रोज वापरणारा मी एकटा होतो.

“तुमच्या रक्तात ते जवळजवळ नसायला पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “इथं ते भरपूर आहे. आजाराचा आकडा बराच वर गेलाय. आणि स्कॅनमध्ये कण्यात दोन नवे डाग आहेत. पाठ वातानं दुखत नाही, काका.”

दाजींनी हात पाठीकडं नेला.

“दुसरं कुठलं औषध घेता? काढा, जडीबुटी, पावडर?”

“नाही जी.”

ते खोटं बोलत नव्हते. औषध डॉक्टर देतात. त्यांनी घेतलं ते मेहुण्यानं दिलेलं ताकतीचं. आणि ताकत कसली, हे एका बाईमाणसासमोर, बायको शेजारी असताना, ते सांगणार नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी फाइलवरचा तर्रीचा डाग बघत राहिलो.

“मग इंजेक्शनचंच काही झालंय का? कुठून आणलं, कसं आणलं?”

ते अक्काचं काम होतं. इंजेक्शन थंड ठेवावं लागतं म्हणून ती शहरातल्या दुकानातून बर्फाच्या थर्मासमधून घेऊन कोराडीच्या दवाखान्यात न्यायची. मागच्या खेपेला बस वाटेत बंद पडली होती.

“तासभर उन्हात उभी होती बस,” अक्का म्हणाली. “बर्फाचं पाणी झालं होतं, मॅडम. मी हात लावून बघितला. गार लागलं. मला वाटलं, चालेल.” तिनं मॅडमकडं बघितलं. “चाललं नाही का?”

“असू शकतं,” मॅडम मऊपणानं म्हणाल्या. “नक्की सांगता येत नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.”

अक्कानं तो घेतलाच. पदर तोंडाशी धरून ती हुंदके देऊ लागली. “माझ्याच हातानं झालं,” ती म्हणत होती. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहितो. दाजी नाही, अक्का नाही. मनात आलं, आता माझं नाव निघणार.

मॅडमनी दोन मार्ग सांगितले. इंजेक्शन आता दवाखान्यातच, त्यांच्या देखरेखीखाली घ्यायचं, आणि महिन्यानं पुन्हा रक्त बघायचं. नाहीतर छोटं ऑपरेशन करून, हे हार्मोन जिथं बनतं त्या अंडकोषातल्या दोन्ही गोळ्याच काढून टाकायच्या. मग इंजेक्शनची, बर्फाची भानगड नाही. परत मात्र काही बसवता येत नाही.

दाजींनी अक्काकडं बघितलं. ती अजून रडत होती.

“काढून टाका,” ते म्हणाले. “किती वेळा बर्फ घेऊन धावन बिचारी? मले आता त्याचं काय काम हाय?”

परवा सकाळी उपाशीपोटी या, असं ठरलं.

नरखेडकडं

अक्काच्या घरी सकाळी बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील होतं. लहानपणी कराडला आई आमच्याकडून म्हणून घ्यायची, तीच चाल. त्या सकाळी अक्काचा गळा बसला होता म्हणून ती म्हणाली, तू म्हण. मी पुढं, ती आणि दाजी मागं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी म्हटलं. म्हणताना स्वतःला समजावत होतो की मी खोटं कुठं बोललोय, मी फक्त बोललो नाही. अशी पळवाट आईच्या समोर काढली असती तर तिनं उलथनं घेतलं असतं.

चहा पिताना दाजी म्हणाले, उद्या आडवं पडायचंच आहे तर आज बाग पाहून येऊ. अक्का दवाखान्याची पिशवी भरायला थांबली. आम्ही दोघं एसटीनं निघालो.

नागपूर सोडून काटोलच्या पुढं गेलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. आमच्याकडच्या उसासारख्या त्या माणसाला गिळत नाहीत. झाडं पुरुषभर उंचीची, अंतर राखून उभी, मधून वारा खेळतो. झाडांखाली पिवळी फळं गळून पडलेली, मोटारसायकलींवर क्रेट बांधलेले. दाजींच्या गावात त्यांच्या वडिलांनी विहीर खोदून लावलेली दोन एकर बाग आहे, ती चुलतभाऊ बघतो. “जय भीम” झालं, आणि त्यानं पहिलं काम केलं ते एक संत्रं तोडून माझ्या हातात देण्याचं. “आमच्याकडे तो संत्रा असते,” त्यानं मला सुधारलं, “ते संत्रं नाही.” फळ गार होतं, साल हातानं सुटली. कराडच्या बाजारात संत्री खाल्ली आहेत, पण झाडावरून तोडल्यावर सालीचा जो वास बोटांना राहतो तो तिथं नसतो.

चुलतभावाच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, रोडगे लावले होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, मग फडक्यानं राख झटकून, फोडून, त्यात तूप सोडतात. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. बागेत, विहिरीच्या कडेला, पोत्यावर बसून आम्ही दोघं जेवत होतो. इतकं चांगलं जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो, आणि पहिलाच रोडगा ताटात चिवडत बसलो होतो.

दाजींनी खिशातून डबी काढली. तूप सुटलेल्या रोडग्याचा घास घेतला, त्याच्याबरोबर एक गोळी तोंडात टाकली. माझ्यासमोर. मी हात धरू शकलो असतो. दाजींचा कंठ वर-खाली होताना मी बघितला.

“संजू, ऑपरेशन झाल्यावर बी ह्या घेतल्या तं चालन ना?” त्यांनी विचारलं. “मॅडम काढणार ते काढू दे. पण जोर राहिला पाहिजे गा अंगात.”

मी म्हणालो, “बघू.”

“तुले एक सांगतो. लग्नात तू म्हणला होता ना, बायकायच्या पंगतीत बसवू का. मी हासलो. मग पंगतीतून उठून मंडपामागे गेलो, टँकरच्या आड. तिथं रडलो. मले वाटलं, आता माणूस म्हणून उरलोच नाही आपण. मेहुण्यालेही दिसून राहिलं.” त्यांनी ताटातलं वरण बोटानं पुसून घेतलं. “दुसऱ्या दिवशी तूच गोळ्या देल्या. म्हणून तुह्यावर राग नाही राहिला.”

वहिनी आणखी रोडगा घेऊन आल्या आणि मी नको म्हणालो. “पाहुण्याले तिखट लागून राहिलं,” त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तिखटावर ढकललं.

परतीच्या बसमध्ये दाजींना धक्के सोसवत नव्हते. प्रत्येक खड्ड्याला ते पुढची दांडी पकडत. मी त्यांच्या पाठीमागं माझी घोंगडी घडी करून लावली. ते “बरं वाटलं गा” म्हणाले.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा अक्का अंगणात होती. थर्मास तिनं कंपाउंडच्या भिंतीबाहेर नेऊन ठेवला होता. “नजरंसमोर नको,” म्हणाली. दाजी पडले. ती भाजी निवडत बसली आणि माझ्याशी बोलत राहिली. बस बंद पडली तेव्हा रिक्षा करायला हवी होती, वाटेतल्या टपरीवर बर्फ मिळाला असता, आपण का थांबलो. एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा.

त्या वेळी माझ्या डोक्यात एक विचार आला. ऑपरेशन होऊ दे. तेवढ्यात मी दाजींची डबी घेऊन टाकतो, संपल्या म्हणून सांगतो. आकडा खाली येईल. सगळे म्हणतील, ऑपरेशननं आला. कोणाला काही कळणार नाही. हा विचार माझ्या बहिणीनं निवडलेल्या मेथीच्या जुडीपलीकडं बसून मी केला. आणि मला तो पाच-दहा मिनिटं बरा वाटला.

पुन्हा रामदासपेठ

सकाळी पहिल्या बसनं गेलो. दाजी उपाशी, त्यामुळं आम्हीही पोह्यांच्या गाडीकडं न बघता पुढं गेलो. त्यांना हिरवा गाऊन दिला. तो मागून बांधायचा असतो. नाड्या त्यांना सापडेनात, अक्कानं बांधल्या. सिस्टरनी संमतीचा कागद आणला. दाजींनी सही केली, अक्कानं केली. “आणि साक्षीदार म्हणून तुम्ही,” असं म्हणून सिस्टरनी पेन माझ्यापुढं धरलं.

कागदावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं की या शस्त्रक्रियेची कारणं आम्हाला समजली आहेत. मी पेन खाली ठेवलं.

“मला मॅडमना भेटायचंय,” मी म्हणालो.

मॅडम आल्या. मी म्हणालो, एकट्याला बोलायचंय. त्या म्हणाल्या, “काकांबद्दल असेल तर काकांसमोर बोला.”

मग मी अक्काच्या हातावरच्या दाजींच्या सदऱ्याच्या खिशातून डबी काढली आणि मॅडमच्या हातात दिली. गोळीचं नाव सांगितलं. कधीपासून, दिवसाला किती, ते सांगितलं. नाव दिसू नये म्हणून पट्टीतून मीच काढल्या, हेही सांगितलं. बोलताना मी फरशीकडं बघत होतो. मॅडमनी एक गोळी तळहातावर घेतली.

“म्हणजे परवा मी विचारलं तेव्हा तुम्ही इथंच बसला होता.”

“हो.”

“आणि तुम्हाला कळलं होतं.”

“तुम्ही टेस्टोस्टेरॉन म्हणालात तेव्हाच कळलं.”

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. दाजींकडं वळल्या. “काका, ह्या गोळीत तेच हार्मोन आहे. आम्ही इंजेक्शननं जे बंद केलं होतं, ते रोज तोंडावाटे आत जात होतं. इंजेक्शन बहुतेक नीट चाललंय. बर्फाचा काही दोष नसावा.” शेवटचं वाक्य त्या अक्काकडं बघून म्हणाल्या. “आज ऑपरेशन करायचं नाही. गोळ्या आजपासून बंद. पुढचं इंजेक्शन इथंच घ्या. पाठीच्या डागांना किरणांचा शेक देऊ. महिन्यानं रक्त बघू, मग ठरवू. आणि गोळ्या चालू राहिल्या असत्या तर ऑपरेशन करूनही उपयोग नव्हता.”

मी विचारलं, “ते कण्यातले डाग... ह्या गोळ्यांमुळं?”

“आजार असा गोळ्यांशिवायही वाढतो कधी कधी. ह्यांनी हातभार लावला असणार. किती, ते मला सांगता येणार नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही.”

दाजी गाऊन घालून पलंगाच्या कडेला बसले होते.

“म्हणजे ते पाच महिने मले जे बरं वाटून राहिलं होतं,” ते म्हणाले, “तवा तो बी बरा होऊन राहिला होता.”

तो म्हणजे आजार.

अक्का बाहेर आली आणि बाकाच्या टोकाला बसली. मी दुसऱ्या टोकाला. आमच्या मध्ये दवाखान्याची पिशवी होती.

“दोन दिस मी बर्फ बर्फ करत हुते,” ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी ती माझ्याशी पक्की कराडची बोलली. “तू ऐकत हुतास.”

“हो.”

“काल मेथी निवडताना बी.”

“हो.”

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही.

परत

आणखी आठ दिवस राहिलो. शेक घ्यायला दाजींना रोज कोराडीहून नेणं-आणणं मी केलं. अक्का मला वेळेवर वाढायची, काय हवं-नको तेही विचारायची, पण तिसऱ्या माणसाला विचारावं तसं. दाजी वाटेत इमारती दाखवायचे, इथं आधी काय होतं ते सांगायचे. गोळ्यांचा विषय त्यांनी काढला नाही. एकदा रिक्षातून उतरताना माझ्या खांद्यावर पूर्ण भार टाकला, आधी टाकायचे नाहीत.

निघायच्या दिवशी अक्कानं शिदोरी दिली नाही. लग्न होऊन गेल्यापासून तिच्या घरून मी रिकाम्या हातानं कधी निघालो नव्हतो. मी मागितली नाही. वर्ध्याला फलाटावर ब्रेड-ऑम्लेट घेतलं.

कराडला आल्यावर खालचा कप्पा रिकामा केला. मुलांना एकत्र बसवून सगळं सांगितलं, गोळीचं नाव न लपवता. तिघांनी व्यायामशाळा सोडली. एकजण म्हणाला, आम्ही काय म्हातारे आहोत का. त्याला मी समजावू शकलो नाही.

महिन्यानं अक्काचा फोन आला. हार्मोन जवळजवळ नाहीसं झालंय, आजाराचा आकडा निम्म्याहून खाली आलाय, पाठ शेकानं हलकी झालीय. ऑपरेशन तूर्त नाही. तिनं आकडे वाचून दाखवले, “ठेवते” म्हणाली आणि ठेवला.

परवा दाजींनी स्वतः फोन केला. आवाजातला जोर पुन्हा गेला होता. निवृत्त मंडळी संध्याकाळी वसाहतीतल्या पाराशी बसतात, त्यांतल्या दोघांना हाच आजार आहे, दोघंही इंजेक्शन घेतात आणि दोघंही घरी वाफांबद्दल बोलत नाहीत, असं ते सांगत होते. त्यांना दाजींनी सगळं सांगितलं. ताकतीच्या गोळ्यांचंही.

“तुहं नाव नाही घेतलं गा,” ते म्हणाले. “मेहुण्यानं देल्या म्हणलं फक्त.”

“नाव सांगा, दाजी,” मी म्हणालो. “लपवू नका.”

ते हसले. त्यांना दम लागत होता, तरी हसले.

“नाव कायले सांगू? मले मेहुणा एकच हाय.”